बाळ झालंय? आशाताईंना दारातून परत पाठवू नका (नव्या आई-बाबांसाठी)

पोरगी झाली तेव्हा सरकारी आरोग्यसेवा म्हणजे पोलिओचे दोन थेंब, एवढीच माझी अक्कल होती. बायको बाळंतपणाला माहेरी, सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात, आणि डिस्चार्ज घेऊन घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात एक बाई उभी, खांद्याला पिशवी. सासूबाई म्हणाल्या, आमचं सगळं बरं चाललंय बाई, काही लागलं तर निरोप धाडते. ती हसली, चपला काढल्या आणि आत येऊन बसलीच. साबण मागून हात धुतले, बाळाचं दुपटं सोडलं, घड्याळ समोर धरलं आणि पूर्ण एक मिनिट नुसती बाळाच्या पोटाकडे बघत राहिली, कुणी मधे बोललं की हाताने गप्प करायची. मग म्हणाली, ४४. साठच्या आत आहे, काळजी नाही.

मला तेव्हा वाटलं हे काय नाटक. आता पोरगी साडेतीन वर्षांची आहे आणि मित्रांपैकी कुणाकडे पाळणा हलला की पहिला फोन मला येतो, काय काय करायचं रे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. डॉक्टर नाहीये मी, फक्त या सगळ्यातून गेलेला बाप आहे.

आधी माणसं ओळखा

आशाताई आरोग्य खात्याच्या, घरोघरी फिरतात. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस महिला व बालविकासच्या, त्यांची अंगणवाडी ज्या योजनेत येते ती २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली होती. आणि लस टोचणाऱ्या सिस्टर, म्हणजे उपकेंद्रातल्या एएनएम. या तिघी महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी बहुतेक अंगणवाडीतच एकत्र भेटतात, कागदावर त्याला ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिन असं लांबलचक नाव आहे, गावात सगळे 'लसीचा दिवस' म्हणतात. हा दिवस कोणता ते विचारून कॅलेंडरवर गोल करा, निम्मी कामं एका फेरीत होतात.

शहरात बिल्डिंगमधे राहत असाल तर कुणी दारात येईल याची वाट बघू नका, महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात किंवा हेल्थ पोस्टवर जाऊन विचारा की आमचा एरिया कुणाकडे येतो. अंगणवाडी शहरातही असते, बऱ्याचदा मागच्या वस्तीत एका खोलीत. आपल्याला माहीत नसते कारण आपण कधी विचारलेलंच नसतं.

पायरी १: दिवस गेल्याचं कळलं की नोंद

पहिल्या तीन महिन्यांतच उपकेंद्रात किंवा दवाखान्यात नाव घाला. तिथे माता बाल संरक्षण कार्ड मिळतं. प्रायव्हेट डॉक्टरकडे दाखवत असाल तरी हे कार्ड घ्या, कारण यात लसी, वजनाचा तक्ता आणि बाळाने कोणत्या महिन्यात काय करायला हवं हे चित्रांसकट एकाच जागी आहे. माझ्या एका मित्राने ते फाइलमधे घालून कपाटात ठेवलं आणि बाळ वर्षाचं झाल्यावर उघडलं. असं करू नका, वाचा.

अंगणवाडीतही नाव घाला, गरोदर आणि स्तनदा आईलाही आहार मिळतो. आता नोंद पोषण ट्रॅकर नावाच्या ॲपवर होते त्यामुळे आधार कार्ड आणि चालू मोबाइल नंबर लागतो. पहिलटकरणीला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६०००, पण त्याला उत्पन्नाच्या वगैरे अटी आहेत, त्या सेविकाताईंकडूनच समजून घ्या.

आणि आपल्याकडची खास भानगड म्हणजे माहेर. बाळंतपणाला बाई माहेरी जाते, सासरच्या गावची आशाताई म्हणते ती इथे नाही, माहेरची म्हणते तिची नोंद माझ्याकडे नाही, आणि ज्या दिवसांत भेटी सगळ्यात जास्त लागतात नेमके तेच दिवस मधल्यामधे जातात. जायच्या आधी दोन्हीकडच्या ताईंना फोन करून सांगून ठेवा. आमच्याकडे हे सासूबाईंच्या शेजारणीमुळे झालं, आमच्या हुशारीने नाही.

पायरी २: पहिले ४२ दिवस

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या सहा भेटी ठरलेल्या असतात: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. प्रत्येक भेटीत वजन, काखेतलं तापमान, श्वास मोजणं, नाळ बघणं, अंगावर पाजणं नीट जमतंय का ते बघणं. सहाही भेटींचे मिळून केंद्राने ठरवलेला मोबदला २५० रुपये. निदान चहा तरी विचारा.

हे सगळं कुठून आलं ते ऐकण्यासारखं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, घरी जाऊन बाळ तपासायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून उपचार करायचे. ३९ गावांत हे केलं आणि ४७ गावं तुलनेला तशीच ठेवली. हजार जन्मांमागे महिन्याच्या आत दगावणारी बाळं ६२ होती ती तिसऱ्या वर्षापर्यंत २५ च्या आसपास आली, तुलनेच्या गावांत आकडा होता तिथेच राहिला. १९९९ ला हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशांना हे काम मिळालं. म्हणजे आमच्या सासूबाईंच्या ओसरीवर जे 'नाटक' चाललं होतं ते मूळचं गडचिरोलीचं.

तुम्ही काय करायचं तर जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायचं आणि चीक अजिबात फेकायचा नाही, ती पहिली लस समजा. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही. मध चाटवू नका, वर्षाच्या आत तर नाहीच. बाळगुटीवरून आमच्याकडे दोन दिवस शीतयुद्ध झालं, शेवटी आशाताईंनीच सासूबाईंना समजावलं, मी सांगितलं असतं तर घरात राहणं अवघड झालं असतं!

बाळ अडीच किलोच्या आत असेल तर उघड्या छातीशी धरून ठेवायचं, त्याला कांगारू केअर म्हणतात, कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ ला इनक्युबेटर कमी पडायला लागले तेव्हा सुरू झालेली पद्धत आहे. बापाची छातीही चालते, उगाच लाजू नका.

आणि हे मात्र पाठच करा: बाळ पीत नाही, एकदम मलूल पडलंय, अंगाला गार किंवा गरम लागतंय, शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेतंय, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, झटके येताहेत, तळहात-तळपाय पिवळे दिसताहेत. यातलं एक जरी असलं तरी आशाताईंना फोन आणि लगेच दवाखाना, गाडीसाठी १०८ किंवा १०२. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी फुकट आहे. सकाळी बघू म्हणू नका.

पायरी ३: खेळणं, ज्याला कुणी सिरियसली घेत नाही

हा भाग मी मुद्दाम जास्त लिहिणार आहे. वजन आणि लस कुणीतरी बघतंच. बाळाशी बोलणं-खेळणं हा 'कार्यक्रम' असू शकतो, त्याचा अभ्यास होऊ शकतो, हे मलाही माहीत नव्हतं.

जमैकाची राजधानी किंग्स्टन. १९८६-८७ मधे तिथल्या गरीब वस्त्यांतली १२९ मुलं घेतली, ९ ते २४ महिन्यांची, उंचीने खुरटलेली. काहींना दुधाची पावडर दिली, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्य सेविका जायची आणि आईला बाळाशी खेळून दाखवायची, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दोन वर्षं चाललं. खेळणी काय तर रिकाम्या बाटल्या, खोके, कापडाच्या बाहुल्या. वीस वर्षांनी हीच मुलं शोधून काढली तर ज्यांच्या घरी खेळाच्या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त निघाली. नुसत्या पावडरचा इतका लांबवर पोचलेला फायदा दिसला नाही. (याचा अर्थ आहार सोडा असा काढू नका, पण पाकीट मिळालं की झालं काम, असंही नाही.)

तेच नंतर आपल्या ओडिशात कटकच्या वस्त्यांत करून बघितलं, तिथेही मुलांच्या समजशक्तीत फरक दिसला. पुढे ओडिशातल्या खेड्यांत घरी जाऊन शिकवणं आणि आयांचे गट करून शिकवणं अशी तुलना केली तर गटाचा फायदा जवळपास तेवढाच, खर्च मात्र कमी.

आता आपल्याकडे काय आहे. आशाताईंच्या पुढच्या पाच भेटी असतात, ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात, ही योजना २०१८ पासूनची. यात वजन, लस, वरचं खाणं याबरोबर बाळाशी कसं खेळायचं हेही सांगायचं असतं. महाराष्ट्रात 'आरंभ' नावाचा उपक्रम आहे, सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि अंगणवाडीची योजना मिळून, सुरुवात औरंगाबाद आणि यवतमाळ जिल्ह्यांतून झाली. त्यात सेविकाताई शून्य ते तीन वर्षांच्या मुलांच्या घरी जातात, पालक मेळावे घेतात. २०२४ ला केंद्राने 'नवचेतना' म्हणून याच वयासाठी आराखडा काढला.

पण हिशोब बघा. किंग्स्टनमधे भेट दर आठवड्याला होती, आपल्याकडे आशाताईंची भेट तीन महिन्यांनी एकदा, तीही त्यांना आणखी पन्नास कामं असताना. त्यामुळे तिकडचा रिझल्ट इकडे आपोआप येईल असं धरून चालू नका. ताईंकडून एक खेळ शिकून घ्यायचा आणि पुढच्या भेटीपर्यंत रोज आपण खेळायचा, असं धरलं तरच या भेटीचं काही होतं.

अंगणवाडीतल्या पालक मेळाव्याला मी गेलो तेव्हा पंचवीस-तीस बायका आणि मी एकटा पुरुष, दाराशी चप्पल ठेवायला जागा नाही, मला वाटलं मागच्या मागे निघून जावं. सेविकाताईंनी मलाच पुढे बोलावलं. पोरगी नऊ महिन्यांची, मांडीवर. एक स्टीलची वाटी आणि एक लाकडी बैल घेतला, बैल पोरीला दाखवला, तिच्या डोळ्यांसमोर वाटीखाली झाकला आणि म्हणाल्या, आता तुम्ही काही करू नका, नुसतं बघा. पोरगी वाटीकडे बघतेय, माझ्याकडे बघतेय, परत वाटीकडे. मी वाटी उचलायला हात घातला तर ताईंनी माझाच हात धरला. अर्धं मिनिट गेलं असेल. मग तिने वाटी ढकलली, बैल दिसला आणि जे काही ओरडली! ताई म्हणाल्या, तुम्ही उचलली असती तर तिला काय कळलं असतं, बाबा सगळं करतात एवढंच.

तेवढं वाक्य मला पुरलं. हे सगळं म्हणजे बाळाने काही केलं की आपण उत्तर द्यायचं, परत त्याची वाट बघायची, परत उत्तर. दोन महिन्यांचं बाळ आवाज काढतं तेव्हा तसाच आवाज काढून थांबा, ते परत काढेल. चार-पाच महिन्यांना ओढणी हलवा, चमचा हातात द्या. नऊला लपवाछपवी, डबीत हरभरे टाकून खुळखुळा (डबी घट्ट बंद, वरून चिकटपट्टी, दाणा घशात गेला तर खेळ महागात पडेल). वर्षाला डब्यात डबा घालणं, भाजी निवडताना प्रत्येकीचं नाव सांगणं. दीड वर्षाला कपड्यांच्या घड्या 'करू' द्या. आणि आजीची बडबडगीतं, बोटं मोजत गुदगुल्या करायची जी गाणी आहेत ना, ती म्हणजे तयार सिलॅबस आहे, आपण उगाच हजारांचे फ्लॅशकार्ड मागवतो. अंघोळीच्या वेळी आजी दहा मिनिटं बाळाशी जे बोलते ते कुठल्या ॲपमधे नाही.

मोबाइलचं सांगून टाकतो: जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची सूचना आहे की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते चारला दिवसाला एक तासाच्या आत, त्याहून कमी तर उत्तम. आम्ही पाळलं का? व्हिडिओ कॉलवर आत्या आणि दोन-तीन वेळा ट्रेनमधे शरणागती, बाकी पाळलं.

पायरी ४: सहा महिन्यांनंतरचं खाणं

उष्टावण थाटात होतं आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला वरणाचं पाणी. वरणाचं पाणी, भाताची पेज, पाण्यासारखं सूप, पोट भरतं पण अंगी काही लागत नाही. आमच्या आशाताईंची टेस्ट सोपी होती, चमचा तिरका केला की पदार्थ लगेच ओघळायला नको. मऊ भात-वरण कुस्करून, त्यात चमचाभर तूप किंवा तेल, नाचणी, केळं, उकडलेला भोपळा, बटाटा, खात असाल तर अंडं आणि मासे. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत सोबत चालूच ठेवा.

सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. पाकिटाची चव काही ग्रेट नाही, पण आणलंच आहे तर त्यात गूळ-दाण्याचं कूट घालून बघा, आमच्याकडे गेलं. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण ताजं जेवण मिळतं, तिथे असाल तर जरूर घ्या.

दर महिन्याला वजन करून तक्त्यावर ठिपका द्यायला लावा. शेजारच्या बंड्यापेक्षा कमी का, हा प्रश्न सोडा, रेषा वर चाललीय का, आडवी झालीय का, एवढं बघा. आडवी झाली की विचारायचं. एका अंगणवाडीत दोन महिने काटा बंद होता आणि वहीत वजन मात्र दर महिन्याला वाढत होतं, तेव्हा स्वतः डोळ्यांनी काट्यावरचा आकडा बघा आणि स्वतःच्या हाताने कार्डावर लिहा. काटा नसेल तर दंडाची पट्टी असते, सहा महिने ते पाच वर्षांसाठी: साडेबारा सेंमीच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल आला तर तीव्र कुपोषण, तिथे थांबायचं नाही, ताई ग्राम बाल विकास केंद्रात घेतात किंवा पुढे पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात, पाठवलं तर जा, मजुरी बुडते हे खरं आहे तरी जा.

पायरी ५: 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात'

हे वाक्य ज्या घरात ऐकू येईल तिथे कार्ड उघडा. तीन महिने झाले तरी चेहरा बघून हसत नाही, पाच महिने होत आले तरी मान धरत नाही, नऊ महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, वर्षाला बोट दाखवणं किंवा टाटा करणं काहीच नाही, दीड वर्षाला चालत नाही किंवा एकही शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही ('आई ये' टाइप), हाक मारली की बघत नाही. आणि आधी जमणारी गोष्ट बंद झाली तर कोणत्याही वयात लगेच. बाळ महिन्या-दोन महिन्यांनी लवकर जन्मलं असेल तर तेवढे महिने वजा करून बघा.

जायचं कुठे, तर २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याचं डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत येतं, जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर बघतं. तारीख सेविकाताईंकडून घ्या आणि त्या दिवशी बाळाला घेऊन जाच, पण त्याची वाट बघत सहा महिने काढू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन थेट जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या विकासातला उशीर लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, जाता येतं. तिथे कान, डोळे, फिजिओ, बोलण्याची थेरपी एकाच ठिकाणी असावी अशी व्यवस्था आहे. प्रत्येक जिल्ह्यात सगळी पदं भरलेली असतील असं नाही, आधी फोन करून कोण कोणत्या वारी असतं ते विचारा.

आईचं कोण बघणार

ही पायरी वगैरे नाही, पहिल्या दिवसापासून चालूच असते. बाळंतीण सारखी रडते, बाळाला घ्यावंसं वाटत नाही, झोप लागत नाही, आणि घरचे म्हणतात दृष्ट लागली. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत तिथल्या आशाताईंसारख्या लेडी हेल्थ वर्करना साधं बोलून धीर देण्याचं ट्रेनिंग दिलं होतं, २००८ ला त्याचे निकाल आले, सहा महिन्यांनी त्या गटात नैराश्य असलेल्या आया २३ टक्के आणि दुसऱ्या गटात ५३ टक्के. म्हणजे औषध नाही, तज्ज्ञ नाही, नीट ऐकून घेणारं माणूस. आपल्याकडे टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि बापांनो, रात्रीची एक फेरी तुम्ही घ्या, सरकारी योजना नाहीये ती.

तीन वर्षांनंतर अंगणवाडीत मुलं रोज बसतात, गरम जेवण, गाणी, गोष्टी. आमची जाते. प्लेस्कूलवाल्या एका नातेवाइकाने भुवया उंचावल्या, उंचावू दे.

पंधराव्या महिन्याच्या, म्हणजे शेवटच्या भेटीला आशाताई आल्या तेव्हा आम्ही परत सासुरवाडीलाच होतो. सगळं झालं, कार्ड भरलं, निघायला उठल्या तर घड्याळ सापडेना. पिशवी उलटी केली, सतरंजी झटकली, सासूबाई दिवाणाखाली वाकून बघताहेत. पुढच्या घरी आठ दिवसांचं बाळ होतं, श्वास मोजायचे होते. पोरगी मधोमध बसून सगळ्यांकडे आळीपाळीने बघतेय, समोर स्टीलची वाटी पालथी. आशाताईंनी वाटीला हात लावला नाही, खाली बसल्या आणि म्हणाल्या, कुठंय गं?